उद्योगचरित्रांतील संशोधक : नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या निमित्ताने

१

चरित्र हा वाङ्मयप्रकार मराठीत चांगलाच रुजलेला आहे. संतचरित्रे, राजपुरुषांची चरित्रे, समाजसुधारकांची व साहित्यिकांची चरित्रे यांचे गुणदोषविवेचन मराठी समीक्षेने वेळोवेळी केले आहे. ह्या परंपरेत उद्योगचरित्र ही एक तुलनेने नवी शाखा होय. तिचा वाचकवर्ग मोठा आहे आणि तिचा परिणामही दूरवर होतो. कारण उद्योग कसा उभा राहतो, नवे तंत्र कसे जन्मास येते, यासंबंधी सामान्य सुशिक्षिताच्या मनात जी कल्पना असते, ती बहुतांशी ह्याच ग्रंथांवर पोसलेली असते. असे असूनही ह्या शाखेची चिकित्सा प्रायः झालेली नाही. उद्योगचरित्र हे प्रेरणादायक ठरले म्हणजे त्याचे काम झाले, असे मानून समीक्षा तेथेच थांबते.

प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न मर्यादित आहे. कारखान्याच्या पोटात जे संशोधन चालते, ते करणारा माणूस ह्या वाङ्मयात कोठे असतो? यंत्रज्ञ, रसायनज्ञ, परीक्षक, यंत्रावर उभा असलेला कसबी कामगार यांचा कामाचा दिवस, त्यांचे तर्क, त्यांची फसगत आणि त्यांचे यश यांना चरित्रकार कितपत जागा देतो? आणि ती जागा दिली नाही, तर केवळ काही व्यक्तींवर अन्याय होतो, की चरित्राच्या सत्यतेलाच बाध येतो?

ह्या प्रश्नाचा विचार नागपुरात, त्यातही सीताबर्डीत करावा यास विशेष औचित्य आहे. १८८५ साली स्थापन झालेले मॉरिस कॉलेज सीताबर्डीतले. १९२३ साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाचे केंद्रही पुढे सीताबर्डीतच स्थिरावले. नगराचे लिहिणे, बोलणे आणि शिकवणे दीर्घकाळ टेकडीच्या ह्या बाजूस चालत आले. लोहमार्गाच्या पलीकडे, जुम्मा तलावाच्या काठी, एम्प्रेस मिल उभी होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात तेथे यंत्रविद्येचा एक असा प्रयोग झाला की, त्याच्याविषयी पुढे जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांना वाद घालावा लागला. मॉरिस कॉलेजपासून ती गिरणी हाकेच्या अंतरावर होती. परंतु मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्या प्रयोगाची नोंद नाही.

२

गिरणीची हकीकत थोडक्यात अशी. सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी ही १८७४ साली जमशेटजी नसरवानजी टाटा यांनी स्थापन केली. गिरणी मुंबईत न काढता नागपुरास काढण्यामागे हिशेब स्पष्ट होता. कापूस जवळ पिकत होता; हिंगणघाटचा कापूस तर देशी वाणांत नावाजलेला होता. वरोऱ्याचा कोळसा फार दूर नव्हता आणि रेल्वे येऊन पोचली होती. जागा मात्र दलदलीची मिळाली. ती भरून काढण्याच्या खर्चास एका स्थानिक सावकाराने नाक मुरडल्याची आणि पुढे नफा पाहून शब्द मागे घेतल्याची आख्यायिका प्रत्येक चरित्रात येते. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि त्यावरूनच तिचे नाव पडले.

आरंभी तेथे १५,५५२ थ्रॉसल चात्या, १४,४०० म्यूल चात्या आणि ४५० माग होते. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेच्या नोकरीतून आलेले. कापसाच्या धंद्याचा त्यांना पूर्वानुभव नव्हता. यंत्रविभाग जेम्स ब्रूक्सबी ह्या लँकेशायरच्या तज्ज्ञाकडे होता. पहिली यंत्रसामग्री हलक्या प्रतीची निघाली. आरंभीची काही वर्षे ओढगस्तीची गेली आणि भागांची किंमत घसरली. यंत्रे बदलणे भागच पडले. ह्याच काळात रिंग-चातीचा प्रश्न पुढे आला आणि १८८३ च्या सुमारास त्या नव्या पद्धतीच्या साच्यांची चाचणी नागपुरात होऊन त्यांचा स्वीकार झाला. लँकेशायरच्या मोठ्या यंत्रनिर्मात्यांनाच त्या वेळी ह्या चातीविषयी पुरेसा विश्वास वाटत नव्हता, हे येथे विशेष ध्यानात घ्यावयास हवे.

तिन्ही पद्धतींतील भेद समजून घेतल्याखेरीज प्रयोगाचे मर्म कळणार नाही. म्यूल यंत्रावर काम खंडशः चालते: चात्यांचा गाडा मागे सरकतो तेव्हा पेळू ताणला जाऊन त्यास पीळ बसतो, गाडा परत येतो तेव्हा तयार सूत चातीवर गुंडाळले जाते. सूत तलम निघते, परंतु गाडा चालविणारा माणूस निष्णात लागतो. थ्रॉसलमध्ये पीळ देणे व गुंडाळणे अखंड चालते, पण चातीच्या माथ्यावर फिरणाऱ्या जड पंखामुळे वेग वाढविता येत नाही. अमेरिकेत जॉन थॉर्प याने १८२८ साली काढलेल्या रिंग-पद्धतीत तो पंख गेला. त्याच्या जागी चातीभोवती एक गुळगुळीत कडे आले आणि त्या कड्यावरून तारेचा एक लहानसा अंकडा, ज्याला गिरणीत ट्रॅव्हलर म्हणतात, सुताबरोबर धावू लागला. ह्या रचनेने वेग वाढला आणि काम अखंड झाले. मात्र धाग्यावरील ताणही वाढला. म्हणून कापूस बरा हवा, पीळ अधिक हवा आणि हवेत ओलावा हवा.

नागपूरच्या प्रयोगाची खरी अडचण येथे आहे. वैशाखातील नागपूरची हवा म्हणजे कोरडा वणवा. अशा हवेत तंतूंवर विद्युत्भार साचतो, ते एकमेकांस दूर लोटतात, सूत पिंजारते आणि तुटते. तोच साचा श्रावणात लावला तर ओलसर कापूस रुळांना गुंडाळून बसतो. अंकडा हलका घेतला तर सूत सैल गुंडाळले जाते, जड घेतला तर तुटते. आणि जो अंकडा एका अंकाच्या सुतास चालतो, तो दुसऱ्यास चालत नाही. म्हणजे साच्याची परीक्षा ही एका दिवसाची किंवा एका महिन्याची गोष्टच नव्हती. ऋतुचक्र पुरे झाल्याशिवाय निर्णय देता येत नव्हता. दर तासाला किती धागे तुटले, किती कापूस वाया गेला, सुताचे बळ किती भरले, चातीमागे उत्पादन किती पडले, हे सारे मोजल्याखेरीज आणि त्या मोजणीवर कोणीतरी शांतपणे विचार केल्याखेरीज ‘रिंग-चाती नागपुरास योग्य’ हे वाक्य उच्चारता येत नाही. पुढे ह्याच गिरणीत हवेत ओलावा राखणारी यंत्रे बसविण्यात आली. त्यांच्यामागचे कारणही ह्या अनुभवातच शोधले पाहिजे.

ज्यास आज औद्योगिक संशोधन म्हणतात, त्याची सर्व लक्षणे येथे आहेत: तुलनेसाठी दोन पद्धती, नियंत्रित चाचणी, मोजमाप, अपयशाचे विश्लेषण आणि शेवटी भांडवलाच्या निर्णयाशी जोडलेला निष्कर्ष. स्वतंत्र इमारत आणि पाटी तेवढी नव्हती. एडिसनने मेन्लो पार्कची प्रयोगशाळा १८७६ साली उघडली आणि एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, ही कालाची जवळीक लक्षात घेतली म्हणजे नागपूरच्या ह्या साचाखात्याकडे निराळ्या दृष्टीने पाहावेसे वाटते.

३

आता चरित्रांकडे वळावयाचे. जमशेटजींचे पहिले महत्त्वाचे चरित्र दिनशा वाच्छा यांचे. वाच्छा स्वतः मुंबईच्या गिरणीधंद्यातील जाणकार असल्याने त्यांच्या लेखनास व्यवसायाचा वास आहे. एफ. आर. हॅरिस यांचे १९२५ सालचे चरित्र अधिक विस्तृत असून पुढील सर्व लेखनाचा तो आधारग्रंथ ठरला. रुसी लाला यांची पुस्तके, तसेच मराठीत गिरीश कुबेर यांचे ‘टाटायन’ (२०१५), ही त्याच प्रवाहातली होत. ह्या ग्रंथांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. त्यांनी साधने जपली, काळ उभा केला आणि एका असामान्य पुरुषाचे मोठेपण विश्वसनीय रीतीने पटवून दिले. हॅरिस यांनी तर बेझनजी आणि ब्रूक्सबी यांचा वाटा मोकळेपणाने नोंदविलेला आहे.

तथापि रिंग-चातीच्या प्रसंगाचे कथन ज्या व्याकरणात होते, ते तपासण्यासारखे आहे. ह्या परंपरेत वाक्याचा कर्ता जवळजवळ नेहमी मालक असतो. त्याने पाहिले, त्याने ओळखले, त्याने जुनी यंत्रे मोडीत काढली, त्याने नवी बसविली. व्यवस्थापक व तज्ज्ञ हे त्याच्या इच्छेचे निष्ठावंत साधन म्हणून येतात. साच्यावर उभे राहून तुटलेला धागा सांधणारा माणूस वाक्यात येतच नाही. आणि आला तर तो भविष्यनिधी, निवृत्तिवेतन, अपघाताची भरपाई यांचा लाभार्थी म्हणून, म्हणजे कर्मरूपाने येतो. एम्प्रेस मिलची कामगारकल्याणाची कामगिरी तिच्या काळाच्या पुढे होती, यात शंका नाही. परंतु जो केवळ उपकाराचा विषय होतो, तो ज्ञानाचा कर्ता असू शकतो, ही शक्यता त्या रचनेत आपोआप मिटते.

ह्यावर असे म्हणता येईल की चरित्र हे एका व्यक्तीचे असते. त्यात तिलाच प्राधान्य मिळणार. शिवाय जोखीम मालकाची होती. प्रयोग फसला असता तर भांडवल त्याचे बुडाले असते, साचेवाल्याचे नव्हे. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. जमशेटजींनी प्रयोगास परवानगी दिली, वेळ दिला, यंत्रे मोडीत काढण्याची हिंमत दाखविली. हे कार्य लहान नव्हे. संशोधनास आश्रय देणे हीच एक प्रतिभा आहे, असेही म्हणता येईल. मात्र आश्रय देणे आणि शोधणे ह्या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली सांगून दुसरी सांगितल्यासारखे करणे, हा दोष व्यक्तीला प्राधान्य देण्याचा नसून कार्यकारणभाव गाळण्याचा आहे.

४

हा भेद शाब्दिक नाही, हे लँकेशायरच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. जगाच्या कापडधंद्याची राजधानी असलेल्या ह्या प्रांताने म्यूल यंत्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सोडले नाही. जपानने मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच रिंग-पद्धतीकडे झपाट्याने मोहरा वळविला. लँकेशायरचा हा हट्ट मूर्खपणाचा होता की शहाणपणाचा, यावर आर्थिक इतिहासकारांत दीर्घ वाद झाला. लार्स सँडबर्ग यांच्या मते तलम सुतासाठी आणि उपलब्ध कसबी माणसांसाठी म्यूल हाच काटकसरीचा मार्ग होता. विल्यम लॅझॉनिक यांनी कारण उद्योगाच्या रचनेत शोधले: लँकेशायरात सूतगिरणी वेगळी आणि विणाईगिरणी वेगळी, रिंगचे सूत जड लाकडी बाबिणीवर गुंडाळलेले असे व ते एका गावाहून दुसऱ्या गावास नेण्याचा खर्च नफा खाऊन टाकी.

ह्या वादाच्या उजेडात नागपूरचा निर्णय पाहिला म्हणजे त्याचे खरे स्वरूप दिसते. नागपुरात कताई आणि विणाई एकाच आवारात होती. बाबीण एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाई. सूत जाडेभरडे हवे होते. त्या अंकांस म्यूलच्या तलमपणाचा उपयोग नव्हता. निष्णात म्यूलवाल्यांची पिढ्यानुपिढ्यांची फौज येथे नव्हती; रिंगचे काम त्या मानाने लवकर शिकता येई. म्हणजे रिंग-चाती नागपुरास मानवली ती कोणा एकाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे, तर ह्या विशिष्ट कापसाशी, ह्या विशिष्ट हवेशी, गिरणीच्या ह्या विशिष्ट मांडणीशी आणि ह्या विशिष्ट माणसांशी तिचा मेळ बसला म्हणून. तो मेळ बसतो किंवा नाही, हे मुंबईच्या कचेरीतून दिसण्यासारखे नव्हते. ते साच्याजवळच कळण्यासारखे होते.

म्हणूनच संशोधकाला गाळणारे चरित्र हे अपुरे तर ठरतेच, पण ते चुकीचे स्पष्टीकरणही देते. वाचक त्यातून असा धडा घेतो की मोठा निर्णय हा मोठ्या मनाचे फळ असतो. वस्तुतः येथे धडा असा आहे की मोठा निर्णय हा बारीक मोजणीचे फळ असतो आणि मोजणारास ऐकून घेण्याची तयारी हा त्याचा दुसरा अर्धा भाग होय. पहिला धडा घेतलेला कारखानदार द्रष्टा होण्याची वाट पाहील. दुसरा घेतलेला कारखानदार परीक्षणखाते उघडील.

५

विसाव्या शतकात हे परीक्षणखाते स्वतंत्र झाले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९०० साली आणि बेल टेलिफोनच्या उद्योगाने १९२५ साली आपापल्या प्रयोगशाळा उभारल्या. जर्मनीतील रंगांच्या कंपन्या तर त्याही आधीपासून रसायनज्ञांची पलटण पदरी ठेवीत. महाराष्ट्रात ह्या प्रकारची ठळक उदाहरणे औषधनिर्मितीत आढळतात. गोरेगावचे सिबा संशोधन केंद्र १९६३ साली जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते उघडले. त्याचे संचालक टी. आर. गोविंदाचारी हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राचार्यपद सोडून आले होते. मुलुंडचे हेक्स्ट संशोधन केंद्र १९७२ चे. नागपुरातही अशा माणसांना घडविणारी संस्था होतीच. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने विद्यापीठास दिलेल्या संपत्तीतून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रविद्या संस्था सुरू झाली आणि तेथील रसायन-अभियंते देशभरच्या कारखान्यांत गेले.

कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्याचे जीवन विद्यापीठीय संशोधकाहून कसे निराळे असते, हे एका क्षुल्लक दिसणाऱ्या खुणेवरून कळते. गोरेगावी तयार झालेल्या संयुगांना कंपनीच्या नोंदवहीत क्रमांक मिळे आणि त्या क्रमांकाच्या शेवटी ‘गो’ अशी खूण असे; बाझेलच्या मुख्य प्रयोगशाळेतील संयुगांना ‘बा’ ही खूण असे. कृमिनाशक ॲमोस्कॅनेट हे जागतिक वैद्यकीय नियतकालिकांत ‘सी ९३३३-गो’ ह्या नावाने वावरले; सॅट्रानिडॅझोल हेही असेच ‘सी १०२१३-गो’ होते. गावाचे नाव असे दोन अक्षरांत उरले. ज्याने ते संयुग पहिल्यांदा पात्रात पाहिले, त्याच्या नावाला मात्र क्रमांकात स्थान नव्हते. विद्यापीठात शोध हा शोधकाच्या नावाने ओळखला जातो. कंपनीत तो क्रमांकाने ओळखला जातो, आणि हजारो क्रमांकांतून एखादाच औषधाच्या बाटलीपर्यंत पोचतो. उरलेल्यांवर गेलेली वर्षे कोणत्याही चरित्रात येत नाहीत. परंतु ह्या माणसाच्या कर्तृत्वाचे मोजमाप यशस्वी क्रमांकावरून करणे म्हणजे शेतकऱ्याचे मोजमाप केवळ सुकाळाच्या वर्षावरून करण्यासारखे आहे.

मुलुंडची कथा याहून बोलकी आहे. गुजरातेत जिच्या मुळांचे लोणचे घालतात त्या गरमर वनस्पतीच्या, म्हणजे कोलिअस फोर्स्कोलीच्या, मुळांतून रक्तदाब उतरविणारे एक द्रव्य तेथील रसायनज्ञांनी वेगळे केले आणि त्यास फोर्स्कोलिन हे नाव दिले. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधावर भट, बजवा, डॉर्नौअर, डिसूझा आणि फेलहाबर अशी पाच नावे आहेत. त्याच सुमारास लखनौच्या शासकीय औषधसंशोधन संस्थेनेही त्याच वनस्पतीतून कोलिओनॉल नावाने एक द्रव्य जाहीर केले. पुढे दोन्ही एकच मानली गेली. १९८१ साली अमेरिकेत सीमन, पॅजेट आणि डेली यांनी दाखविले की हे द्रव्य पेशीतील ॲडेनिलेट सायक्लेज ह्या विकरास थेट चेतविते. तेव्हापासून जगातील असंख्य जीवरसायन-प्रयोगशाळांत ते नित्याचे साधन झाले. कंपनीला ज्या औषधाची आस होती, त्यापेक्षा विज्ञानाला मिळालेले हत्यार मोठे ठरले. पुढे मूळ कंपनीचे नाव व रूप बदलत गेले आणि १९९८ साली ते केंद्र निकोलस पिरामल कंपनीकडे गेले.

चरित्रलेखनाच्या दृष्टीने येथे एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. कंपनी बदलली, पाटी बदलली. पण निबंधावरील पाच नावे पुसली गेली नाहीत. एम्प्रेस मिलच्या प्रयोगास असा निबंध लाभला नाही. मेन्लो पार्कच्या नोंदवह्या जपल्या गेल्या, म्हणून एडिसनबरोबर बॅचेलर, क्रूझी, अप्टन ह्या सहकाऱ्यांचे हात आजही ओळखता येतात आणि एडिसनचे नवे चरित्र लिहिणारास त्यांना वगळणे शक्य राहिलेले नाही. नोंद असते तेथे चरित्रकाराला प्रामाणिक राहावेच लागते. नोंद नसते तेथे तो कंपनीच्या स्मृतीवर विसंबतो, आणि कंपनीची स्मृती निष्कर्ष जपते व कारण विसरते.

६

ह्या विस्मृतीचे वाङ्मयात उतरलेले सर्वोत्तम उदाहरण प्रिमो लेव्ही ह्या इटालियन रसायनज्ञ लेखकाच्या ‘आवर्त सारणी’ (१९७५) ह्या ग्रंथात सापडते. रंगाच्या कारखान्यात नासलेल्या मालाचे कारण शोधून लेव्ही त्यावर अमोनियम क्लोराइडचा उतारा देतो. वर्षे लोटतात, दोषाचे कारण कधीच नाहीसे होते. पण कारखान्याच्या कृतिपत्रात तो क्षार तसाच पडत राहतो, आणि तो का, हे तेथे कोणालाच ठाऊक नसते. एका कामाच्या दिवसातून लेव्ही ज्ञान, सवय आणि विस्मृती यांचा संबंध उलगडतो. ट्रेसी किडर यांच्या १९८१ सालच्या ग्रंथात अमेरिकेतील डेटा जनरल कंपनीचे तरुण अभियंते एक संगणक घडवितात. तेथे कंपनीचे प्रमुख पार्श्वभूमीस राहतात आणि रात्री जागून दोष हुडकणारे अभियंते पुढे येतात. ह्या दोन ग्रंथांवरून एवढे सिद्ध होते की कंपनीतील संशोधनाचा दिनक्रम हा रुक्ष विषय नाही. त्यात नाट्य, विनोद आणि शोक सारेच आहे.

मराठीत काय दिसते? गिरणी मराठी वाङ्मयात लवकर आली. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’ ह्या कादंबरीपासून नारायण सुर्व्यांच्या कवितेपर्यंत आणि जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकापर्यंत तिची एक सलग परंपरा आहे. नागपूरपुरते बोलावयाचे तर वसंत मून यांचे ‘वस्ती’ हे आत्मकथन सीताबर्डीच्या परिसरातील महारपुऱ्याचे जग उभे करते. ज्या समाजातील माणसे नागपूरच्या गिरण्यांत, विशेषतः कताईच्या खात्यांत, मोठ्या संख्येने राबली, तो समाज येथे प्रथमच स्वतःच्या आवाजात बोलतो. परंतु ह्या परंपरेत कामगार येतो तो शोषित, संघटक, बंडखोर किंवा कुटुंबवत्सल माणूस म्हणून. हे चित्रण आवश्यक होते आणि आहे. त्यात त्याच्या हातातील ज्ञानाला मात्र गौण स्थान मिळाले. कोणता अंकडा कोणत्या हवेत चालतो हे जाणणारा माणूस ह्या वाङ्मयातही साच्यापासून दूरच उभा दिसतो. मालकाच्या चरित्राने त्याला लाभार्थी केले, कामगार-साहित्याने त्याला लढवय्या केले; जाणता त्याला कोणीच केले नाही.

दुसऱ्या बाजूस विज्ञानकथा आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने कथा पाठविली, तेव्हापासून मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठेचे दिवस आले. ‘यक्षांची देणगी’ किंवा ‘वामन परत न आला’ यांसारख्या कृतींत शास्त्रज्ञाच्या विचारपद्धतीचे चित्रण आस्थेने झाले आहे. परंतु ह्या कथेचा शास्त्रज्ञ बहुधा वेधशाळेतला, विद्यापीठातला किंवा शासनाच्या मोठ्या प्रकल्पातला असतो. त्याच्यासमोर विश्वाचे किंवा मानवजातीचे प्रश्न असतात. तिमाही अहवाल, गुप्ततेचा करार, विक्रीखात्याचा तगादा, अर्ध्यावर बंद केलेला विषय, बदलीचा हुकूम ह्या गोष्टी त्याच्या वाट्यास क्वचितच येतात. कंपनीतला रसायनज्ञ जगाला वाचविण्यास निघालेला नसतो. तो एका रंगाचे डाग पडणे थांबविण्यास निघालेला असतो, आणि त्याची बुद्धी त्यासाठीही तितकीच पणाला लागते.

एक सन्मान्य अपवाद सांगितला पाहिजे. शं. वा. किर्लोस्कर यांचे ‘यांत्रिकाची यात्रा’ हे लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र. येथे कारखाना खरोखर दिसतो. लोखंडी नांगराची जुळणी, शेतकऱ्याचा संशय, विकले न जाणारे पहिले नांगर, जांभेकर व रेगे यांच्यासारखे सहकारी हे सारे कथेत वावरते. पण ह्या यशाचे कारणही उघड आहे. लक्ष्मणराव हे मालक आणि यंत्रज्ञ दोन्ही होते. ज्याचा निर्णय त्याचाच प्रयोग असल्याने चरित्रकाराला निवड करावी लागली नाही. मालक मुंबईस आणि साचा नागपुरास, अशी स्थिती येते तेव्हाच उद्योगचरित्राची खरी कसोटी लागते.

७

ह्या विवेचनातून उद्योगचरित्राच्या मूल्यमापनासाठी तीन कसोट्या सुचविता येतात. पहिली, निर्णयाचे कारण ग्रंथात दिसते काय. म्हणजे नवे तंत्र स्वीकारले गेले एवढे न सांगता ते तेथे का मानवले, हे वाचकास कळते काय. दुसरी, आश्रय देणारा आणि शोध करणारा यांच्या क्रिया वेगळ्या ठेवल्या आहेत काय. तिसरी, फसलेल्या कामाला जागा आहे काय. कारण संशोधकाच्या आयुष्याचा मोठा भाग त्यातच जातो आणि त्याच्या चिकाटीची परीक्षाही तेथेच होते. ह्या कसोट्या लावल्या असता पुष्कळशी लोकप्रिय उद्योगचरित्रे उत्तम स्तोत्रे ठरतील, चरित्रे ठरणार नाहीत.

एम्प्रेस मिल १९८६ साली टाटांच्या हातून गेली, पुढे शासनाच्या वस्त्रोद्योग महामंडळाने ती काही वर्षे चालविली आणि शेवटी ती बंद पडली. तिच्या जागेवर व्यापारसंकुल उभे राहिले. गिरणी बंद पडते तेव्हा नोकऱ्या जातात, हे सर्वांस दिसते. तिच्याबरोबर शतकभराचे मोजमाप, हातांतील जाणीव आणि शेकडो लहान निर्णयांची कारणेही जातात, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. गोरेगाव, मुलुंड यांसारख्या प्रयोगशाळांचे निबंध तरी ग्रंथालयांत उरतात. साचाखात्याचे ज्ञान बोलण्यातच राहिलेले असते आणि बोलणाऱ्याबरोबर संपते.

म्हणून हा प्रश्न केवळ गतकाळाचा नाही. गिरण्यांत, खाणीच्या परीक्षणशाळांत, औषधांच्या व रंगांच्या कारखान्यांत काम केलेली, निवृत्त झालेली माणसे विदर्भात आणि महाराष्ट्रात आज हयात आहेत. त्यांच्या कामाची हकीकत, त्यांच्या परिभाषेसह आणि त्यांच्या चुकांसह, लिहून घेणे हे विद्यापीठांच्या मराठी विभागांना सहज जमण्यासारखे कार्य आहे. लोकगीते आणि बोली यांच्या संकलनासाठी जी पद्धती ह्या विभागांनी सिद्ध केली, तीच येथे उपयोगी पडेल. भाषेच्या दृष्टीनेही त्यात लाभ आहे, कारण चाती, साचा, बाबीण, पेळू हे शब्द कोशात उरले तरी त्यांच्यामागचे व्यवहार कोशात उरत नाहीत. असे साधन हाती आले म्हणजे पुढील चरित्रकाराला मालकाचे मोठेपण कमी करावे लागणार नाही. त्याच्या शेजारी आणखी काही माणसे उभी करावी लागतील, एवढेच. आणि ती उभी राहिली म्हणजे मालकाचे मोठेपण नेमके कशात होते, हेही प्रथमच स्पष्ट दिसेल.